वस्तीची गाडी आणि सहावा डबा

सन २००० च्या पौषात, म्हसा गावच्या यात्रेआधीच्या शुक्रवारी, मुरबाडहून सुटणारी एसटीची शेवटची वस्तीची गाडी स्टँडवरून बरोबर नऊ वाजता सुटली. स्टँडपासून पाचेकशे पावलांवर, टॉकीजच्या दारासमोर ती थांबली आणि तिथे पस्तीस मिनिटं उभी राहिली. इंजिन चालू होतं. ड्रायव्हर आपल्या जागेवर होता. कंडक्टर नव्हता.

टॉकीज माझ्या मामाची होती. मी शहापूरला राहत असे आणि ठाण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. त्या दिवशी मी दुपारी चित्रपटाबरोबरच शहापूरहून निघालो आणि रात्री खेळ संपेपर्यंत टॉकीजवर होतो, त्यामुळे पुढे लिहिलेलं बहुतेक पाहिलेलं आहे. जे ऐकलेलं आहे ते तसं सांगितलं आहे.

गाडी का थांबली हे कळायला आधी टॉकीज आणि स्टुडिओ यांचा करार सांगावा लागेल. मुंबईतला एक स्टुडिओ वर्षाला एक, फार तर दोन मराठी कौटुंबिक चित्रपट काढत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे चित्रपट मुरबाडला यायचे ते मुंबई-पुण्याला लागून तीन महिने झाल्यावर. तोवर प्रिंटवर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे. ज्यांना हौस होती त्यांनी चित्रपट कल्याणला जाऊन पाहिलेला असे आणि उरलेल्यांना गावातला केबलवाला तो घरबसल्या दाखवत असे. मामाची टॉकीज अर्धी रिकामी चालायची. त्याच्या मते टॉकीज जगायची तर एकच उपाय होता: पहिला शुक्रवार. मुंबईत ज्या शुक्रवारी चित्रपट लागतो त्याच शुक्रवारी मुरबाडला.

नवी प्रिंट एका तालुक्याच्या गावासाठी काढणं स्टुडिओला परवडणारं नव्हतं. मग मामाने शहापूरच्या टॉकीजमालकाला गाठलं आणि दोघांनी मिळून वितरकाकडे अर्ज केला की दोन टॉकीजना मिळून एक प्रिंट द्यावी. शहापूरला दुपारी बाराचा खेळ. तो संपला की रिळांची पेटी जीपने किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला. तिथे संध्याकाळी सहाचा आणि रात्री साडेनऊचा खेळ. सकाळी पेटी परत शहापूरला. वितरकाने दोन वर्षं घेतली, पण मान्य केलं. करारात एक अट स्टुडिओने स्वतः घातली होती. चित्रपट प्रत्येक खेळाला पूर्ण दाखवला जावा. एकही रीळ वगळल्याचं आढळलं तर पहिला शुक्रवार रद्द.

करार झाल्यावर पहिली काही वर्षं मुरबाडच्या टॉकीजबाहेर पहिल्या शुक्रवारी रांग लागत असे. त्या रांगेत निम्म्याहून जास्त माणसं गावातली नसत. ती घाटाखालच्या गावांतून आणि वाड्यांमधून आलेली असत आणि संध्याकाळचा खेळ पाहून वस्तीच्या गाडीने परत जात. ही गाडी नऊला सुटायची, शेवटच्या गावी मुक्काम करायची आणि पहाटे परत यायची. ती चुकली तर स्टँडच्या बाकावर रात्र काढावी लागे.

गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टरही सहाचा खेळ पाहत. त्यांना तिकीट नसे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, बाहेर जायच्या दाराच्या लाल दिव्याखालची, ड्रायव्हरची होती. दुसरं कुणी तिथे बसत नसे. दिव्याच्या उजेडात त्याचा खाकी शर्ट सगळ्या थेटरला दिसायचा. गावाकडची माणसं घड्याळ बघत नसत, तो शर्ट बघत. ड्रायव्हर उठला की दहा गावं उठत.

स्टुडिओचे सुरुवातीचे चित्रपट आटोपशीर होते. पावणेनऊला संपायचे. पुढे लांबी वाढत गेली. आठ डब्यांचा चित्रपट, एका डब्यात एक रीळ, म्हणजे वीस-एकवीस मिनिटांचा ऐवज, वर मध्यंतर. खेळ नऊच्या आत संपेना. त्यावर प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरने आपल्या परीने तोड काढली होती. तो संध्याकाळच्या खेळाला एक डबा वगळत असे. कुठला वगळायचा याचा त्याचा एक नियम होता. जो नसताना पब्लिक शिट्ट्या मारत नाही तो. पहिला आणि शेवटचा चालत नाही, मारामारीचा चालत नाही, गाण्याचा चालत नाही. कौटुंबिक चित्रपटात उरतो रडण्याचा, आणि तो बहुतेक वेळा सहावा निघे. साडेनऊच्या खेळाला मात्र तो सगळे आठ डबे चालवी, कारण त्या खेळाला येणारे गावातलेच असत आणि चालत घरी जात. मामाला हे माहीत होतं. स्टुडिओला नव्हतं.

१९९९ च्या दिवाळीला स्टुडिओचा जो चित्रपट आला त्यात सहाव्या डब्यात थोरली वहिनी आजारपणात मरते. तिचे दिवस घातले जातात आणि भाऊ एकत्र येतात. सातव्या डब्यात ती अर्थातच नाही.

चित्रपट टॉकीजमधून उतरायला आला तरी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते सरळगावच्या बाजारात. तिथे दोन्ही तालुक्यांची माणसं येतात. मी भाजीचे भाव लिहून घ्यायला गेलो होतो. किन्हवलीकडची एक बाई वाल विकत होती, तिच्या शेजारी मुरबाडकडची एक बाई टोपल्या घेऊन बसली होती. पहिलीने चित्रपट शहापूरला पाहिला होता, दुसरीने मुरबाडला, संध्याकाळचा. वालवालीने सहज बोलता बोलता वहिनीच्या मरणाचं नाव काढलं. टोपलीवालीने तिला अडवलं. वहिनी मेलेली नाही, रुसून माहेरी गेली आहे, असं तिचं म्हणणं होतं. नवरा तिला आणायला का जात नाही म्हणून आपण घरी दोन दिवस त्या नवऱ्याला शिव्या दिल्या, असंही ती म्हणाली.

"मी माज्या डोल्यांनी बगितली गो," वालवाली म्हणाली. "खाटेवर मेली."

"मेली तर दिवस कुठं घातले तिचे?"

"तुमच्या मुरबाडात घालत नसतील. शहापुरात घातले."

आजूबाजूचे जमले. शहापूरकडचे एका बाजूला, मुरबाडकडचे दुसऱ्या. एक म्हातारा दोन्हीकडच्यांना समजावत होता की एवढ्या मोठ्या घरात एक बाई असली काय नि नसली काय. त्याला दोन्हीकडच्या बायांनी गप्प केलं. मुरबाड गावातला एक किराणावाला तिथे खरेदीला आला होता. त्याने साडेनऊचा खेळ पाहिला होता. वहिनी मेल्याचं त्याला ठाऊक होतं, पण तो मध्ये पडला नाही. त्याने मला तसं नंतर सांगितलं.

भाजीच्या भावांच्या बातमीखाली मी या वादाच्या चार ओळी जोडल्या. टॉकीजचं नाव दिलं नाही. डबा वगळला जातो हे मला माहीत होतं, तेही लिहिलं नाही. फक्त जे बाजारात ऐकलं ते लिहिलं. ठाण्याच्या कचेरीत कुणीतरी त्या ओळी वेगळ्या काढून चौकटीत टाकल्या आणि वर मथळा दिला: 'शहापुरात मेली, मुरबाडात जिवंत'. वितरकाकडचा एक कारकून ठाण्याला राहत असे. दुसऱ्या दिवशी तो अंक वितरकाच्या टेबलावर होता आणि आठवड्याभरात स्टुडिओचं पत्र मामाच्या हातात. पुढचा चित्रपट पौषात येणार होता. तो मुरबाडला पहिल्या शुक्रवारी देण्यात येईल, परंतु स्टुडिओचा प्रतिनिधी संध्याकाळचा खेळ स्वतः पाहील. एक रीळ कमी आढळल्यास तो शेवटचा.

मामा ते पत्र आणि कात्रण घेऊन माझ्याकडे शहापूरला आला. त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"यात खोटं काय आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही.

"तेच तर. खोटं असतं तर खुलासा मागितला असता."

पुढच्या दीड महिन्यात मामाने जे केलं ते असं. डेपोत जाऊन वस्तीच्या गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी म्हणून अर्ज दिला. वेळापत्रक ठाण्याहून ठरतं, अर्ज वर पाठवू, असं उत्तर मिळालं. शहापूरच्या मालकाला दुपारचा खेळ अकराला लावायला सांगितलं. त्याचं गिऱ्हाईक आटगाव-खर्डीकडून गाडीने येणारं. ते बाराच्या आधी पोचत नाही म्हणून त्याने पाव तासावर तडजोड केली. ऑपरेटर म्हणाला की एक डबा सबंध काढण्याऐवजी प्रत्येक डब्यातून थोडं थोडं काढू, बाईमाणसाला कळायचं नाही. मामाने त्याला नको म्हटलं. सरळ हिशेब होता. पेटी सव्वाचारला आली, खेळ साडेपाचला सुरू झाला, तर आठही डबे दाखवून साडेआठला संपतो. लोकांना साडेपाचची वेळ कळावी म्हणून त्याने रिक्षावर भोंगा लावून चार दिवस गावोगाव फिरवला. त्या पुकाऱ्याचा मजकूर मी लिहून दिला होता.

शुक्रवारी शहापूरचा खेळ वेळेवर सुटला. पेटी जीपमध्ये चढली, मीही चढलो. किन्हवलीपर्यंत काही अडचण आली नाही. पुढे रस्ताभर बैल होते. यात्रेला बैल चालवत नेतात, आणि वाटेत कुणी घाई करत नाही, कारण दमलेल्या बैलाला बाजारात भाव येत नाही. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. एका कळपाच्या मागून निघालो की पुढे दुसरा. जीपवाल्याने हॉर्न वाजवला तशी दोन बैल बिथरून शेतात गेले, आणि त्यांचा मालक काठी घेऊन जीपच्या पुढ्यात उभा राहिला. जीपवाल्याने उतरून हात जोडले. पेटीत पिक्चर आहे, मुरबाडला पब्लिक बसलंय, असं त्याने सांगितलं.

"पिक्चर डब्यात हाय ना?" बैलवाला म्हणाला. "त्याला धूल लागत नाय. माज्या बैलांना लागते. सावकास ये मागनं."

आम्ही सावकाश गेलो. मुरबाडला पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती.

एकदा दाखवलेलं रीळ शेपटाकडून गुंडाळलेलं असतं; पुन्हा दाखवण्याआधी ते उलटं गुंडाळावं लागतं. आठही डबे गुंडाळायला पाऊण तास लागतो. ऑपरेटरने तीन गुंडाळले आणि बाकीचे खेळ चालू असताना गुंडाळायचे ठरवले. खेळ साडेसहाला सुरू झाला. साडेनऊला संपणार हे मामाला, ऑपरेटरला आणि मला तेव्हाच माहीत होतं.

स्टुडिओची प्रतिनिधी तिशीच्या आतली एक बाई होती. ती चारपासून येऊन बसली होती. तिने बाल्कनीतली मागची खुर्ची घेतली आणि मांडीवर कागद ठेवला. कागदावर डब्यांचे आठ आकडे होते. एकेक डबा संपला की ती खूण करायची. मध्यंतरात मामाने तिला चहा पाठवला. तिने तो स्वतःच्या पैशाने घेतला.

ड्रायव्हर मध्यंतरात दाराशी विडी ओढत होता. त्याने मामाला एवढंच सांगितलं की आज काही जमत नाही, आपण नऊला पाच कमी असताना उठणार. मामाने मान हलवली. ऑपरेटरने खोलीतून खाली येऊन मामाच्या कानाशी काहीतरी विचारलं. काय ते मी ऐकलं नाही. मामाने दिलेलं उत्तर ऐकलं. तो म्हणाला, "सगळे आठ."

पावणेनऊला सहावा डबा सुरू होता. त्यातही रडणंच होतं. दहा मिनिटांनी ड्रायव्हर उठला. लाल दिव्याखाली खाकी शर्ट उभा राहिला आणि मागे खुर्च्या वाजू लागल्या. बाल्कनीतली बाई वाकून खाली बघू लागली. मामा दाराशीच होता.

"अर्धा तास," तो ड्रायव्हरला म्हणाला. "एवढाच."

"शेठ, दोन मेमो झालेत माजे. तिसरा आला का घरी बसंन."

"हे अर्ध्यात उठून गेले तर ती बाई काय लिहील?"

"मी उटलो का ते उटनारच. त्याला मी काय करू?"

कंडक्टर मागून आला. तो ड्रायव्हरपेक्षा वयाने लहान आणि बोलायला मोकळा होता. त्याचं लक्ष अजून पडद्याकडे होतं.

"गाडी नऊला स्टँडवरनं काढायची," तो म्हणाला. "नोंद नऊची पडंल. हितं आनून उबी करायची. गाडी गरम झाली, पानी टाकाया थांबलो."

"थंडीत गरम?"

"आपल्या डब्याला थंडी काय नि उन्हाला काय."

 ड्रायव्हर अंधारातल्या रांगांकडे वळला. "बसा रे," तो म्हणाला. "गाडी दाराशी आनतो."

खुर्च्या पुन्हा वाजल्या. लोक बसले. ड्रायव्हर बाहेर गेला. कंडक्टरने त्याच्याबरोबर जाऊन स्टँडवरची नोंद केली, गाडीतून टॉकीजपर्यंत आला आणि उरलेला चित्रपट पाहायला आत शिरला. ड्रायव्हरला उतरता येईना. गाडीचा स्टार्टर बिघडलेला होता. इंजिन बंद केलं असतं तर ती ढकलल्याशिवाय सुरू झाली नसती.

स्टँडवरून गाडीत सात माणसं बसलेली होती, चित्रपटाशी संबंध नसलेली. सहा जणांनी थोडा वेळ कुरकुर केली, मग उतरून टॉकीजमध्ये येऊन मागे भिंतीशी उभं राहून शेवट पाहिला. मामाने त्यांना अडवलं नाही. सातवा मनुष्य गाडीतच बसून राहिला. कल्याणला नोकरी करणारा होता, दिवसभराचा थकलेला. त्याची बायको घरी वाट बघत होती. त्याने ड्रायव्हरला काय झालं ते दोनदा विचारलं. ड्रायव्हरने दोन्ही वेळा पाण्याचं कारण सांगितलं. बॉनेट उघडलेलं नव्हतं.

खेळ नऊ तेहतीसला संपला. बाईने आठव्या आकड्यापुढे खूण केली आणि सही केली. दाराबाहेर उभी असलेली गाडी आणि तिच्यात चढणारे लोक तिने पाहिले. ही गाडी रोज इथूनच सुटते का, असं तिने मामाला विचारलं. मामा म्हणाला, "आज इथून सुटली." मामाने तिला जीपने कल्याणला पोचतं केलं.

गाडीतल्या लोकांनी घाटाखालपर्यंत ड्रायव्हरला चित्रपटाचा शेवट सांगितला. कंडक्टरने मला नंतर सांगितलं की तिघांनी तीन तऱ्हेने सांगितला आणि त्यावरून गाडीत भांडण झालं.

सोमवारी सातव्या मनुष्याने डेपोतल्या तक्रारपुस्तकात तक्रार लिहिली. तिची नक्कल घेऊन तो माझ्याकडे आला आणि बातमी द्यावी म्हणाला. तक्रार खरी होती, शब्दही मोजके होते. मी नक्कल ठेवून घेतली. बातमी दिली नाही. तो दोनदा विचारायला आला, मग यायचा थांबला.

मामा डेपोत गेला आणि गाडी आपल्यासाठी थांबली, ड्रायव्हरचा दोष नाही, असं त्याने तिथल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. टॉकीज आमच्या वेळापत्रकात नाही, असं ते म्हणाले. ड्रायव्हरला तिसरा मेमो मिळाला. तो घरी बसला नाही; त्याला वस्तीच्या गाडीवरून काढून दिवसाच्या फेऱ्यांवर घातलं. कंडक्टर त्याच गाडीवर राहिला.

स्टुडिओचं पत्र दहा दिवसांनी आलं. आठही डबे दाखवल्याचं प्रतिनिधीने कळवलं होतं आणि मुरबाडचा पहिला शुक्रवार कायम ठेवण्यात येत होता. तो २००४ पर्यंत कायम राहिला. त्यानंतर स्टुडिओने आपलं वितरण दुसऱ्या कंपनीकडे दिलं आणि त्या कंपनीच्या यादीत शहापूर होतं, मुरबाड नव्हतं. गाडीची वेळ बदलण्याच्या अर्जाचं काय झालं, हे मी दोन वेळा डेपोत विचारलं. अर्ज पुढे पाठवल्याची नोंद आहे, उत्तराची नाही.

पौषातल्या त्या खेळानंतरचा स्टुडिओचा पुढचा चित्रपट सन २००० च्याच दिवाळीत आला. पेटी वाटेत कुठे अडली नव्हती, पण चित्रपट आधीच्यापेक्षा लांब होता, नऊ डब्यांचा, आणि शहापूरचा खेळ सुटायलाही त्यामुळे उशीर झाला होता. सहाला सुरू झाला. ऑपरेटरला नऊही डबे चालवण्याची सूचना होती आणि त्याने ते चालवले. वस्तीच्या गाडीवर नवा ड्रायव्हर होता. तो चित्रपट पाहत नसे, स्टँडवरच थांबे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. नऊला दहा कमी असताना कंडक्टर मागच्या दारातून आत आला आणि त्याने शिट्टी वाजवली. आठवा डबा निम्मा झाला होता. घाटाखालची माणसं उठली आणि गेली.

खेळ सव्वानऊ उलटून गेल्यावर संपला. मी दाराशी उभा होतो. आतून एकोणीस माणसं बाहेर आली, सगळी मुरबाड गावातली.